जुन्या ईव्हीला नवं तोंड: कापाकापी न करता, परतीची वाट ठेवून

कापूरबावडीच्या सिग्नलला पुढचा टेम्पो रिव्हर्समध्ये आला आणि माझ्या गाडीचं नाक बसलं. गाडी २०२० सालची, टाटाची विजेवरची नेक्सॉन ईव्ही. बंपर उभा फाटला, बॉनेटची कड दुमडली, डाव्या हेडलाइटचा कान, म्हणजे तो बसतो तो टेकू, तुटला. टेम्पोवाला उतरून म्हणाला, "साहेब, हॉर्न तरी मारायचा." मारला होता.

संध्याकाळी ऐरोलीहून मेव्हणा बघायला आला. वाकून, टॉर्च मारून सगळं पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, बदलायचंच आहे तर नवीन मॉडेलचं तोंड लावा की." या एका वाक्याने माझे चार महिने खाल्ले. त्या चार महिन्यांत काय करावं, कोणत्या क्रमाने करावं आणि कुठे हात आवरावा हे जे कळलं, ते इथे मांडतो. उदाहरण माझ्या गाडीचं आहे, पण क्रम कुठल्याही जुन्या ईव्हीला लागू आहे. बाहेरच्या देशांत हा उद्योग नवा नाही. टेस्लाने एप्रिल २०१६ मध्ये मॉडेल एसचं काळं नाक काढून टाकलं, तेव्हा जुन्या गाड्यांच्या काही मालकांनी नवं तोंड बसवून घेतलं होतं.

आधी एक भ्रम काढून टाका. तोंड बदलल्याने रेंज वाढत नाही. माझ्या गाडीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, कागदावरची रेंज ३१२ किलोमीटर. सप्टेंबर २०२३ मध्ये नवं रूप आलं तेव्हा मोठ्या बॅटरीच्या गाडीत ४०.५ किलोवॅट-तास आणि कागदावर ४६५ किलोमीटर होते. तो फरक बॅटरीचा आणि आतल्या यंत्रणेचा. बंद, गुळगुळीत नाकाने हवेचा विरोध थोडा कमी होत असेलही, पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हवा कुणाला आडवी येते?

आणि एक नियम, जो मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता: जे काही करू, ते उलटं करता आलं पाहिजे. कंपनीच्या लोखंडाला काप नाही, कंपनीच्या वायरिंगला काप नाही, जुना एकही भाग भंगारात नाही. उद्या आरटीओने, विमा कंपनीने किंवा गाडी विकत घेणाऱ्याने "मूळ रूपात आणा" म्हटलं, तर दोन दिवसांत आणता आली पाहिजे. पुढच्या प्रत्येक निर्णयात हा नियम कामी आला.

कागद आधी, पाना नंतर

बहुतेक लोक हे शेवटी करतात आणि अडकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तिकेतले तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूलभूत स्वरूप बदलतं, असं म्हटलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना चाप लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ तर थेट बोलतं: परवानगी नसलेला बदल, त्यात बाहेरून भाग बसवणंही आलं, केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

बंपर आणि बॉनेट बदलणं 'मूलभूत स्वरूपात' येतं का, यावर चहाच्या टपरीवर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. रस्त्यावर अडवणाऱ्या हवालदाराशी मात्र भांडता येत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी आपल्या आरटीओत (ठाण्याची एमएच ०४, नवी मुंबईची एमएच ४३) लेखी अर्ज द्या. अर्जात भागांची यादी, जुन्या तोंडाचे फोटो, आणि चासी, लांबी-रुंदी, मोटर, बॅटरी व रंग यांना हात लावणार नाही हे स्पष्ट वाक्य असू द्या. पोच घ्या. उत्तर 'नाही' आलं तर तिथेच थांबा आणि जुन्याच मॉडेलचे भाग लावा. रंग बदलणार असाल तर ती नोंदणीतली वेगळी नोंद आहे, तिचा अर्ज वेगळा.

विम्याचं गणित लोकांच्या लक्षात येत नाही. क्लेम जुन्या मॉडेलच्या भागांचा मंजूर होतो. ते पैसे घेऊन नव्या मॉडेलचे भाग लावणं म्हणजे सरळ फसवणूक. मी क्लेम घेतलाच नाही. नो क्लेम बोनस पायरीपायरीने ५० टक्क्यांपर्यंत जातो, तो वाचला. शिवाय विमा कंपनीला बदलाचं पत्र आधी दिलं. जास्तीचे विजेचे दिवे-पट्ट्या पॉलिसीत वेगळ्या जोडून घ्याव्या लागतात. त्याला आयएमटी २४ ही पुरवणी असते, एजंटला तिच्या नावानेच विचारा. न कळवता बसवलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत, ही झाली हलकी शक्यता. पुढे मोठी धडक झाली आणि नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने "गाडी मूळ अवस्थेत नव्हती" असं लिहिलं, तर पूर्ण क्लेमच वादात जातो.

वॉरंटीचंही तेच. माझ्या गाडीला बॅटरी आणि मोटरवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. वायरिंगमध्ये एक जरी काप दिसला तरी नकाराला निमित्त मिळतं. भिंतीवरचा नियम मुख्यतः यासाठी होता.

'तोंड' म्हणजे नक्की काय काय

नुसतं बंपर आणून चालत नाही. जुन्या नेक्सॉनचे हेडलाइट वर, बॉनेटच्या कडेला. नव्या रूपात वर फक्त बारीक दिवसाचे दिवे आणि त्यांना जोडणारी उजेडाची आडवी पट्टी. खरे हेडलाइट खाली, बंपरात. त्यामुळे दिवे, बंपर, बॉनेट आणि फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) एकमेकांत अडकलेले आहेत. एक बदला की दुसरा उघडा पडतो. यादीत हेही लिहा: चाकावरचे लाइनर, खालची ट्रे, बंपरचे दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट, रेडिएटरकडे हवा वळवणारे प्लास्टिकचे पडदे, बॉनेटखालचं रबर, आणि क्लिपा. क्लिपा मोजून त्याच्या दीडपट आणा, निम्म्या तुटतातच.

तुमच्या गाडीचं चार्जिंगचं तोंड नाकातच असेल, एमजी झेडएस ईव्ही किंवा ह्युंदाई कोनासारखं, तर काम पूर्ण वेगळं. तिथे नाकामागे मोठ्या बॅटरीची जाड केशरी केबल येते. नव्या बंपरातली झाकणाची जागा आणि जुन्या सॉकेटची जागा तंतोतंत जुळत नसेल, तर सॉकेट सरकवण्याचा विचारही करू नका, बेत रद्द करा. नेक्सॉनचं चार्जिंग मागच्या बाजूला आहे म्हणूनच मी यात पडलो.

काय बदलायचं नाही याची यादी जास्त महत्त्वाची. बंपरच्या प्लास्टिकमागचा लोखंडी बीम, त्याच्या मागचे चासीचे दोन हात, आणि पुढच्या लोखंडावर बसवलेले धडक ओळखणारे सेन्सर. एअरबॅग कधी फुटायची हे ठरवताना ते सेन्सर कुठे आणि कशावर बसलेत याचा हिशेब कंपनीने धरलेला असतो. बंपर बसत नाही म्हणून सेन्सर दोन बोटं खाली सरकवणारे महाभाग मी पाहिले आहेत. जुन्या पेट्रोल-डिझेल नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक चाचणीत पाच तारे मिळाले, नव्या नेक्सॉन ईव्हीला जून २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच. पण ते तारे कारखान्यातून निघाली तशा गाडीचे. आपल्या संकरित गाडीची कुणी धडक चाचणी घेतलेली नाही, तेव्हा आतल्या सांगाड्याला हात लावून त्या ताऱ्यांची आशा धरू नये.

भाग कुठून आणायचे

पहिली चौकशी अधिकृत स्पेअर काउंटरवर. तिथे चासी नंबर मागतात आणि तुमच्या नंबरवर जुनेच भाग निघतात. म्हणून नव्या मॉडेलचे पार्ट नंबर हातात घेऊन जा. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. जुने कोटेशन २८ टक्क्यांचं असेल तर नवीन मागून घ्या.

दुसरा रस्ता कुर्ल्याचा. कापडिया नगरच्या बाजारात अपघातातल्या गाड्यांची तोंडं अख्खी मिळतात. भाव चांगला, डोळे उघडे पाहिजेत. बिल मिळत नसेल तर घेऊ नका. चोरीचा माल निघाला तर बिलाशिवाय तुम्ही काय सांगणार? हेडलाइट हातात घेऊन तीन गोष्टी बघा: सगळे कान शाबूत आहेत का, आत पाण्याचे ओघळ आहेत का, आणि काचेवर मंजुरीची खूण आहे का. एका दुकानात मला "ओरिजिनल" म्हणून दाखवलेल्या दिव्याच्या काचेवर काहीच कोरलेलं नव्हतं. म्हणजे नक्कल.

परदेशातून भाग मागवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. आपण डावीकडून चालतो. हेडलाइटचा खालचा झोत डाव्या बाजूला थोडा वर चढतो, कडेचा माणूस दिसावा म्हणून. उजवीकडून चालणाऱ्या देशाचा दिवा उजवीकडे चढतो, म्हणजे आपल्याकडे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यात. युरोपीय पद्धतीची मंजुरी असलेल्या दिव्यावर हे बाणाने कळतं. दिव्याकडे तोंड करून उभे राहा. फक्त डाव्या बाजूच्या रहदारीसाठीचा दिवा असेल तर बाण तुमच्या उजव्या हाताकडे दाखवतो. बाणच नसेल तर तो उजव्या रहदारीचा. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हीकडे चालतो. म्हणून मागवायचाच तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतला माल बघा.

गाडी 'मारणे'

माझ्या गाडीसारख्या ईव्हीच्या पोटात तीनशे व्होल्टच्या वर डीसी वीज असते. घरातल्या सॉकेटचा झटकाही जीव घेऊ शकतो, हिचा तर हमखास जिवावर बेततो. पण घाबरून काम सोडायचंही कारण नाही. बंपर, दिवे, बॉनेट यांच्या कामात केशरी केबलला हात लावायची वेळ येत नाही. वेळ आली, तर समजा की काम तुमच्या हद्दीबाहेर गेलं.

क्रम असा. चार्जर काढा. गाडी बंद करा. चावी गाडीपासून लांब ठेवा, मी ती ऑफिसच्या खणात कुलूप लावून ठेवायचो. मग १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, टोकाला कापड गुंडाळा आणि किमान १० मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये जास्त लिहिलं असेल तर तितकं. १२ व्होल्ट गेले की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिची वीज तोडणारे मोठे स्विच, उघडतात, आणि मोटरला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. एअरबॅगच्या यंत्रणेसाठीही ही थांबण्याची वेळ लागते. मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढणं हे प्रशिक्षित माणसाचं काम, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे आणि तशाच दर्जाचा मीटर असलेल्याचं. आपण त्याच्या वाटेला जायचं नाही.

एसीच्या पाइपबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण साध्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये ही चूक सहज होते. कंडेन्सर, म्हणजे एसीची पुढची जाळी, आडवा आला की एसीवाला म्हणतो, गॅस काढू, नंतर भरू. ईव्हीचा कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीवर चालतो आणि त्यातलं तेल वीज न वाहणारं, पीओई जातीचं असतं. साध्या गाडीचं पीएजी तेल, तेही यंत्राच्या नळीत उरलेलं थोडंसं, आत गेलं तरी इन्सुलेशन कमी होऊन गाडी दोष दाखवू शकते. कंडेन्सर हलवल्याशिवाय बंपर बसत नसेल, तर ते तोंड त्या गाडीचं नाही.

खोलणे आणि कोरडं बसवून बघणे

रबाळे एमआयडीसीत एका ओळखीच्या गॅरेजमध्ये कोपरा मिळाला. खोलणं हे सगळ्यात सोपं काम, म्हणून त्यात घाई होते. फेंडरच्या कडांना मास्किंग टेप लावा. चाक आत वळवून लाइनरचे स्क्रू काढा, मग खालचे, मग वरच्या क्लिपा. बंपरचा कोपरा बाहेरच्या बाजूला ओढून सुटतो, पुढे ओढला तर ब्रॅकेट तुटतो. दोन माणसं लागतातच. बंपर पूर्ण ओढण्याआधी हात घालून दिव्यांचे आणि सेन्सरचे कपलर (तारांचे प्लग) सोडवा. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. बोल्ट ठेवायला मी घरून जुनं इडलीपात्र नेलं होतं. एका खळग्यात एका जागेचे बोल्ट, वर चिकटपट्टीवर नाव. बायकोने ते परत स्वयंपाकघरात घेतलं नाही, पण बोल्ट एकही चुकला नाही.

आता संयमाची पायरी. नवे भाग रंगवण्याआधी गाडीवर चढवा. सगळे. बिजागऱ्यांची भोकं, फेंडरचे बोल्ट, लॉकची जागा, दिव्यांचे टेकू: हे सगळं प्रत्यक्ष गाडीवर बघा, कुणाच्या "अगदी बसतं हो" वर नको. रंगवलेला भाग दुकानदार परत घेत नाही. आम्ही तीन संध्याकाळी फक्त यात घालवल्या. आधी फेंडर, मग बॉनेट, मग दिवे, शेवटी बंपर. बॉनेटची फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. बिजागरीचे बोल्ट अर्धे सैल ठेवून सरकवा, उंची रबरी गुट्ट्या फिरवून जुळवा. ब्रॅकेट कमी पडला तर नवा बनवून घ्या, पण तो गाडीच्या मूळ भोकांतच बसला पाहिजे. डेंटर ग्राइंडर घेऊन आला की त्याला भिंतीवरचा खडू दाखवा.

बॉनेटच्या लॉकला दोन टप्पे असतात, मुख्य लॉक आणि हाताने सोडायचा आकडा. दोन्ही पन्नास वेळा आपटून तपासा. मग मुख्य लॉक सोडून फक्त आकड्यावर बॉनेट वर ओढून बघा. पाम बीच रोडवर ऐंशीच्या वेगात बॉनेट उघडून काचेवर आलं तर समोर काहीच दिसत नाही. या एका गोष्टीत 'चालेल' नाही.

हवेचे पडदे विसरू नका. इंजिन नाही म्हणून हवा लागत नाही असं नाही. बॅटरीचं पाणी थंड करायला रेडिएटर आहे, एसीला कंडेन्सर आहे. बंपरची खालची फट आणि रेडिएटर यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली, तर हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. तिथे पातळ रबर किंवा मूळ पडदे लावून वाट बंद करा.

वायरिंग

इथेच खरा खेळ आहे. जुनी गाडी बल्बसाठी आखलेली असेल आणि नवे दिवे एलईडीचे असतील, तर बॉडी कंप्युटर तारेतला प्रवाह मोजतो, कमी दिसला की "बल्ब गेला" म्हणतो, किंवा इंडिकेटर भराभर मारतो. वायरमनचा ठरलेला उपाय म्हणजे रेझिस्टर. ६ ओहमचा रेझिस्टर साडेतेरा व्होल्टला ३० वॅट जाळतो आणि चटका बसण्याइतका तापतो. तो प्लास्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला कधी बांधू नका, लोखंडाला स्क्रूने बसवा. काही गाड्या दिवसाचे दिवे तुकड्यातुकड्याने वीज देऊन मंद करतात, त्याने एलईडी लुकलुकते. त्यासाठी फिल्टर असलेला अडॅप्टर लागतो.

माझा आग्रह एका मधल्या हार्नेसचा, म्हणजे तारांच्या जोडतुकड्याचा, होता. एका टोकाला जुन्या दिव्याच्या कपलरची जोडी, दुसऱ्या टोकाला नव्याची. गाडीची वायरिंग जशीच्या तशी, मधला तुकडा आपला. मूळ तार फक्त रिले (विजेवर चालणारा स्विच) चालू करते. दिव्यांना वीज १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वेगळी, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. जोडण्याआधी जुन्या कपलरच्या प्रत्येक पिनवर मीटर लावून वहीत लिहा: खालचा झोत, वरचा झोत, इंडिकेटर, दिवसाचा दिवा, अर्थिंग. रंगावरून अंदाज करू नका. दोन पिळलेल्या बारीक तारा दिसल्या तर त्या कंप्युटरच्या बोलण्याच्या तारा आहेत, त्यांना टोचायचंही नाही.

नव्या गाडीत पुढची उजेडाची पट्टी चार्जिंग किती झालं ते दाखवते. ते माझ्याकडे होत नाही आणि होणारही नाही, कारण जुन्या गाडीचा कंप्युटर तो निरोप पाठवतच नाही. इंटरनेटवरचे खोटे कंट्रोलर लावून ती नाचवणारे आहेत. मी पट्टी साध्या दिव्यासारखी लावली. ती गाडी चालू असेल तेव्हाच पेटते, हे महत्त्वाचं. बंद गाडीत थोडाही प्रवाह वाहत राहिला तर छोटी बॅटरी मरते, आणि छोटी मेली की मोठी पूर्ण भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

जोड सोल्डरपेक्षा योग्य पान्याने दाबलेला चांगला, वर तापवल्यावर आवळणारी, गोंद असलेली श्रिंक नळी. आणि प्रत्येक कपलरकडे येणारी तार आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या टोकावरून टपकतं, कपलरात शिरत नाही. ठाण्यात राहून हे विसरणारा माणूस स्वतःलाच बुडवतो. का, ते शेवटी येईल.

रंग

भाग सुटे रंगवा. साधी गाडी अख्खी बूथमध्ये तापवतात. ईव्हीची बॅटरी त्या उष्णतेत तासभर ठेवण्यात काही शहाणपणा नाही. प्लास्टिकच्या बंपरला आधी प्लास्टिक प्रायमर, नाहीतर वर्षभरात सालं निघतात. पावसाळ्यात लॅकर मारलं तर दमटपणाने दुधाळ पडतं, म्हणून हे काम दिवाळीनंतर घ्या. माझ्या पेंटरने कोड बरोबर घेतला, रंगही बरोबर निघाला, पण पाच वर्षं उन्हात उभ्या असलेल्या दारांशेजारी नवे फेंडर वेगळ्याच घरातले वाटायला लागले. दुसऱ्यांदा, पुढच्या दारांवर रंग विरवत नेऊन, मग जुळलं. पहिल्या बैठकीतच तसं ठरवून घ्या. बंपरात पार्किंग सेन्सर असतील तर त्यांच्या तोंडावर पुट्टी किंवा जाड रंग नको.

दिव्यांचा झोत आणि नंबरप्लेट

हेडलाइट आता खाली आले, म्हणजे झोत नव्याने लावावा लागणारच. आधी उंची मोजा: खालच्या झोताच्या दिव्याची खालची कड जमिनीपासून ५०० मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. मग रात्री सोसायटीच्या बेसमेंटमध्ये भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सपाट उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या सीटवर माणूस. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीला टेपने आडवी रेघ मारा. झोताची वरची कड त्या रेघेच्या ५ सेंटीमीटर खाली यायला हवी, १० मीटरवरून केलं तर १० सेंटीमीटर. डाव्या बाजूला कड वर चढताना दिसली पाहिजे. आमचा वॉचमन मध्येच येऊन विचारायला लागला, "काका, सिनेमा लावताय का?" त्यालाच सीटवर बसवला.

नंबरप्लेट जुन्या बंपरवर स्नॅप लॉकने बसलेली असते, आणि ते लॉक एकदा काढलं की परत लागत नाही. साध्या स्क्रूने लावू नका. अधिकृत ठिकाणाहूनच नव्याने बसवून घ्या. हिरवी प्लेट, पांढरी अक्षरं, आधी होती तीच.

चाचणी

१२ व्होल्ट जोडा, स्कॅनर लावून दोष वाचा. एअरबॅगचा एकही कोड असेल तर गाडी गॅरेजबाहेर काढू नका. मग दुपारच्या उन्हात, एसी लावून, फास्ट चार्जरवर २० ते ८० टक्के चार्ज करा आणि बॅटरीचं तापमान ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटला लावलेल्या स्कॅनरवर, बघत राहा. तोंड बदलण्याआधी हीच चाचणी करून आकडे लिहून ठेवले असतील तर तुलना होते. मी ठेवले होते, म्हणून एका बाजूचा हवेचा पडदा निसटलेला सापडला. नंतर गायमुखचा चढ, मग मुंब्रा बायपासचे खड्डे, खडखड ऐकायला. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

आईने गाडी पाहिली आणि विचारलं, "नाक बदललंय, पण गाडी तीच ना?" तीच. जुनं नाक दुरुस्त करून, चादरीत गुंडाळून माळ्यावर आहे. शेजारी पिशवीत त्याचे बोल्ट, जुने दिवे, आणि कुठली तार कुठे ती वही.

पहिला पावसाळा संपल्यावर खालची ट्रे काढून बघा, माझ्यासारखा आळस करू नका. मी नोव्हेंबरात काढली. डाव्या बाजूचे कपलर कोरडे ठणठणीत. उजव्या दिव्याच्या कपलरात हिरवा गंज. वायरमनने तो रात्री नऊला, घरी जायच्या घाईत शेवटी लावला होता, आणि तारेला झोल दिला नव्हता. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या, एक बदलली, झोल दिला आणि ट्रे परत लावली.